जुन्या विज्ञान-चित्रमालिकांचे पुनर्मुद्रण : 'इंद्रजाल कॉमिक्स' आणि अरण्याची प्रतिमा

मराठी बालवाङ्मयाच्या अभ्यासात 'इंद्रजाल कॉमिक्स'ची दखल क्वचितच घेतली जाते. बेनेट, कोलमन आणि कंपनीने मार्च 1964 मध्ये सुरू केलेले हे नियतकालिक 1990 मध्ये बंद पडले. मराठीसह अनेक भारतीय भाषांतून निघणाऱ्या या प्रकाशनाचा मुख्य आधार पुनर्मुद्रण हाच होता. किंग फीचर्स सिंडिकेट अमेरिकी वृत्तपत्रांना पुरवीत असलेल्या वेताळ, मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन यांच्या चित्रमालिका त्यातून भारतीय वाचकांपर्यंत पोहोचल्या. यांपैकी फ्लॅश गॉर्डन ही अलेक्स रेमंड यांची 1934 मधील अंतराळकथा होय. तिच्यावर 1936 मध्ये चित्रपटमालिका आणि 1954 मध्ये दूरचित्रवाणी मालिका निघाली.

ब्रिटनमध्ये 1992 ते 1994 या काळात 'डॉक्टर हू क्लासिक कॉमिक्स' या मासिकाने दूरचित्रवाणी मालिकेवरील जुन्या चित्रकथा पुन्हा छापल्या. तेथील वाचकाच्या मनात पडद्यावरील स्मृती आधीपासून होती. महाराष्ट्रात मुंबई दूरदर्शन केंद्रच मुळी 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्यामुळे येथे जुने साहित्य नवे म्हणूनच वाचले गेले.

पुनर्मुद्रण म्हणजे केवळ नक्कल नव्हे. दैनिकातील तीन-चार चौकटींची आडवी पट्टी पुस्तकाच्या उभ्या पानात बसवावी लागते. आदल्या दिवसाची आठवण करून देणाऱ्या चौकटी अनावश्यक ठरतात, कृष्णधवल चित्रांत रंग भरावे लागतात. इंग्रजी अक्षरांसाठी आखलेल्या संवादफुग्यात वेलांट्या-मात्रांसह देवनागरी मजकूर मावविताना भाषांतर आपोआपच आटोपशीर होते.

यापेक्षा महत्त्वाचे बदल नावांत झाले. वेताळाच्या मूळ कथांतील बंगालसदृश देशनामाऐवजी 'डेंकाली' आले, चाच्यांच्या टोळीचे 'सिंग' हे नाव 'सिंगा' झाले. भारतीय वाचक दुखावू नये, ही दक्षता त्यामागे दिसते. मात्र ती अरण्यवासीयांपर्यंत पोहोचली नाही. विषारी बाण वापरणारे बुटके लोक आणि 1536 पासून पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे रक्षण करणारा युरोपीय वंशाचा नायक, ही मांडणी तशीच राहिली.

फ्लॅश गॉर्डनच्या मोंगो ग्रहावरही 'अर्बोरिया' हे अरण्यराज्य आहे. तेथील लोक वृक्षांवर वसतात. त्यांचा राजा बॅरिन हा त्याच ग्रहावरचा आहे. म्हणजे परग्रहावरील अरण्याला स्वतःचा राजा लाभतो, पृथ्वीवरील अरण्याला मात्र बाहेरून आलेला त्राता! भामरागडच्या वर्गात माडिया मातृभाषा असलेले विद्यार्थी बसतात. त्यांच्यासमोर या दोन चित्रकथा शेजारी शेजारी ठेवल्यास कोणते अरण्य त्यांना ओळखीचे वाटेल, हा प्रश्न भाषांतराच्या अभ्यासकाने टाळण्यासारखा नाही. त्यासाठी मराठी अंक हाताशी असावे लागतात, आणि महाविद्यालयीन ग्रंथालये असे अंक सहसा 'रद्दी'त काढतात.