वॅट आणि ल्युमेन : दिव्यांच्या उजेडाची तुलना

दिवसभराचे काम आटोपून तुमच्यापैकी अनेक जण रात्री दिव्याच्या उजेडात अभ्यास करीत असतील. त्यामुळे दिव्याची निवड हा केवळ वीजबिलाचा प्रश्न नाही. डोळ्यांवर पडणाऱ्या ताणाचाही आहे. जुना पिवळा बल्ब काढून वीज वाचवणारा दिवा लावला, तर उजेड तितकाच मिळतो का, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. वॅट काय सांगतो?

'साठचा बल्ब', 'शंभरचा बल्ब' असे आपण सहज म्हणतो. हा आकडा वॅटचा असतो आणि तो दिवा किती वीज घेतो एवढेच सांगतो. घरोघरी एकाच प्रकारचे बल्ब होते, तोवर 'जास्त वॅट म्हणजे जास्त उजेड' हा हिशेब चालून गेला. मात्र बोलण्यातली नावे तेव्हाही पूर्णपणे खरी नव्हती. 'झिरोचा बल्ब' प्रत्यक्षात सुमारे १२ ते १५ वॅट वीज घेतो.

२. ल्युमेन म्हणजे काय?

दिव्यातून बाहेर पडणाऱ्या, डोळ्यांना जाणवणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप 'ल्युमेन' या एककात सांगतात. पिवळ्या बल्बमधील टंगस्टनची तार तापून प्रकाशते. तिला मिळालेल्या ऊर्जेचा बहुतांश भाग उष्णतेच्या, म्हणजे अवरक्त किरणांच्या रूपाने निघून जातो. सीएफएल आणि एलईडी यांच्यात प्रकाशासाठी तार तापवावी लागत नाही. म्हणून त्याच विजेत त्यांच्याकडून कितीतरी अधिक प्रकाश मिळतो.

आपल्याकडील ६० वॅटच्या पिवळ्या बल्बमधून सुमारे ७०० ल्युमेन प्रकाश मिळतो. ९ वॅटचा चांगला एलईडी बल्ब सुमारे ८०० ते ९०० ल्युमेन देतो. भारत सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू केलेल्या 'उजाला' योजनेतून हेच ९ वॅटचे बल्ब घरोघरी पोहोचले. रोज ५ तास दिवा लावल्यास ३० दिवसांत ६० वॅटचा बल्ब ९ युनिट वीज घेतो, तर ९ वॅटचा एलईडी १.३५ युनिट.

३. दाव्यांची पारख

असे असले तरी वेष्टनावरील 'साठ वॅटइतका उजेड' हा दावा पारखूनच घ्यावा. युरोपात ११ वॅटचे सीएफएल ६० वॅटच्या बल्बच्या तोडीचे म्हणून विकले जात. असे दावे अतिशयोक्त असल्याचे युरोपीय आयोगाने २००९ मध्ये स्पष्ट केले. त्या वर्षीच्या नियमांनुसार ६० वॅटशी बरोबरी सांगणाऱ्या सीएफएलने किमान ७४१ आणि एलईडीने किमान ८०६ ल्युमेन प्रकाश देणे आवश्यक ठरले. 'नव्या दिव्याचा उजेड कमी वाटतो' ही ग्राहकांची तक्रार निव्वळ सवयीतून आलेली नव्हती, हे यावरून ध्यानात येईल.

काळाचाही विचार करावा लागतो. सीएफएल लावताक्षणी पूर्ण उजेड देत नाही. त्याला थोडा वेळ लागतो. वापरानुसार सीएफएल आणि एलईडी या दोहोंचा प्रकाश हळूहळू घटतो. एलईडीचे आयुष्य सांगताना तर सामान्यतः मूळ प्रकाशाच्या ७० टक्के प्रकाश उरेपर्यंतचाच काळ धरतात.

४. ल्युमेन समान, तरी उजेड वेगळा

समान ल्युमेनचे दोन दिवे एकाच खोलीत वेगळे भासू शकतात. पिवळा बल्ब जवळपास सर्व दिशांना प्रकाश फेकतो, तर अनेक एलईडी बल्बचा प्रकाश मुख्यतः समोरच्या बाजूस जातो. रंगाचाही परिणाम होतो. वेष्टनावर रंगाची छटा केल्व्हिनमध्ये दिलेली असते. २७०० म्हणजे पिवळसर, तर ६५०० म्हणजे निळसर पांढरा उजेड.

अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असते ते अंतर. दिवा आणि पुस्तक यांतील अंतर निम्मे केले, तर दिव्याकडून पुस्तकावर थेट पडणारा उजेड सुमारे चौपट होतो. म्हणूनच छताजवळच्या मोठ्या दिव्यापेक्षा टेबलाजवळचा लहान दिवा पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो. मात्र त्याचा झोत डोळ्यांवर येऊ देऊ नये. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी तो डाव्या बाजूस ठेवावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडणार नाही.

सारांश

वॅटवरून खर्च कळतो, ल्युमेनवरून उजेड. पुढच्या वेळी दिवा घेताना प्रथम ल्युमेनचा आकडा पाहा. नंतर तेवढ्या उजेडासाठी कोणता दिवा कमी वॅट घेतो, ते तपासा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. वॅट आणि ल्युमेन यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. एक दिवा १० वॅटमध्ये ९०० आणि दुसरा १२ वॅटमध्ये ९६० ल्युमेन देतो. दर वॅटमागे अधिक प्रकाश कोणता दिवा देतो?
३. तुमच्या घरातील एका दिव्याच्या वेष्टनावरील वॅट, ल्युमेन व केल्व्हिन या नोंदी वाचून तो अभ्यासासाठी योग्य आहे का, ते पाच ओळींत लिहा.