आजोबा, तुम्ही टँक होणार का?

गेल्या दिवाळीत नातवंडांनी मला हा प्रश्न विचारला. ऐकून मी आधी हसलो आणि मग गप्प झालो. हसलो अशासाठी की, माझी सारी उमेद रणगाड्यात गेली. आमचे घर भिंगारला. १९९४ साली उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय तिथून जवळच आहे आणि दर सुट्टीत एखाद्या तरी नातवंडाला मी ते दाखवून आणतो. गप्प का झालो, ते ओघाने येईलच.

अहिल्यानगर म्हणजे आम्हा जुन्या माणसांचे नगर. दिवाळीत इथेही घरोघरी मातीचे किल्ले उठतात. आमच्या अंगणातला किल्ला बांधून झाला, मावळे बसले, अळीव उगवले आणि मग पुण्यामुंबईहून आलेल्या या पोरांनी ओसरीवर नवाच डाव मांडला. कागदावर चौकटी आखलेला नकाशा, मुठीएवढ्या सोंगट्या आणि वीस पैलूंचा एक फासा! थोरली मुक्ता इंजिनिअरिंगला आहे. ती सूत्रधार. ती प्रसंग सांगायची आणि बाकीच्यांनी आपापल्या पात्राने काय केले ते बोलायचे. बेत जमतो की फसतो, ते फासा ठरवतो.

"टँक म्हणजे पुढे उभा राहून मार खाणारा," धाकट्या सईने मला समजावले. "पण टँक मीच होणार. तुमच्यासाठी वैद्य उरलाय."

उरलेले ते आजोबांना, हा घरोघरचाच न्याय. मी फराळाचे ताट बाजूला सारून बैठक मारली.

खेळाचे कूळ

या खेळाचे मूळ नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. डंजन म्हणजे तळघर आणि ड्रॅगन म्हणजे पंखांचा, आग ओकणारा अजगर. अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली तो प्रसिद्ध केला. पहिल्या खेपेस अवघ्या हजार पेट्या निघाल्या होत्या. पण त्याचा आजा त्याहून थोर. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशा, फासे आणि पंच घेऊन लढाईचा खेळ रचला होता. अधिकाऱ्यांना डावपेच शिकवायचे, हा त्याचा हेतू. आम्हालाही पलटणीत वाळूच्या नकाशावर लढाया शिकवल्या, तेव्हा नातवंडांचा डाव मला अगदीच परका वाटला नाही.

पहिल्या पुस्तकात पात्रांचे तीनच वर्ग होते : लढवय्या, जादूगार आणि मंत्राने जखमा बऱ्या करणारा धर्मगुरू. पुढच्याच वर्षी चोर आला. चार माणसांची ही टोळी इतकी पक्की ठरली की, पन्नास वर्षांनीही पोरे ती तशीच जमवतात. लढवय्याच्या अंगावर चिलखत, म्हणून तो पुढे. जादूगाराच्या हाती आग, पण अंगात बळ नाही, म्हणून तो मागे. चोर कुलपे काढतो, सापळे हुडकतो, पाठीमागून घाव घालतो. आणि वैद्य? तो बाकीच्या तिघांना उभे ठेवतो.

पहिल्या रात्रीची फजिती

पहिल्या रात्री आमची पुरती दाणादाण उडाली. ओंकारचा चोर एकटाच पुढे पळाला. निनादचा जादूगार हौसेने पहिल्या रांगेत गेला. आणि मी? मी वैद्य असूनही गदा घेऊन धावलो! चौघांनी चार राक्षस धरले. तासाभरात चारही राक्षस अर्धमेले झाले आणि आम्ही चौघे मेलो.

"आजोबा, या खेळात अर्धमेला राक्षससुद्धा पूर्ण ताकदीनेच मारतो," मुक्ता म्हणाली. "चौघांनी मिळून एकच धरा. तो पडला की त्याचे घाव थांबतात. मग दुसरा."

वाचकहो, तोफखान्यातला कोणीही जुना माणूस हेच सांगेल : मारा विखरू नये. पण तोंडपाठ असलेला धडा खेळताना मी साफ विसरलो होतो.

खिंडार

दुसऱ्या रात्री मुक्ताने गावचाच प्रसंग मांडला. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. आत चांदबिबी होती. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. त्यातले काही आतल्यांनी हुडकून निकामी केले. पण १५९६ च्या फेब्रुवारीत एक उडालाच आणि तटाला मोठे खिंडार पडले. तेव्हा चांदबिबी स्वतः तलवार घेऊन तिथे उभी राहिली आणि रातोरात खिंडार बुजवून घेतले. शेवटी वऱ्हाड देऊन तह करावा लागला, पण त्या वेळी किल्ला पडला नाही.

मुक्ताने मोगलांच्या जागी राक्षस घातले आणि अट सांगितली : "राक्षस मारायचे नाहीत. उजाडेपर्यंत गवंड्यांना वाचवायचे."

आता मात्र सारे आपापल्या जागी गेले. सईचा लढवय्या खिंडारात. जागा अरुंद, म्हणून बाहेर वीस राक्षस असले तरी एका वेळी दोघांनाच हात पोचायचा. ओंकारचा चोर तटाखाली सुरुंग शोधत राहिला. निनाद बुरुजावर. त्याच्याकडे आगीचा गोळा होता, पण तो वीस फुटांच्या परिघात आपला-परका पाहत नाही; सईजवळ टाकावा तर सईच जळणार. तेव्हा मी त्याला भातवडीची गोष्ट सांगितली. १६२४ साली नगरजवळच भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांशी समोरासमोर झुंज टाळली, त्यांची रसद तोडली आणि तलावाचे पाणी सोडून वाटा चिखलात घातल्या. शत्रू मारण्याआधी त्याचे पाय अडकवावेत! निनादने लगेच मंत्राने खिंडारासमोर चिखल केला. राक्षस एकेक करून येऊ लागले. या अडवणाऱ्या कामाला पुढे, २००८ च्या आवृत्तीत, वेगळे नावच दिले गेले. पण अंबराने ते चारशे वर्षांपूर्वी करून दाखवले होते.

पहाटेच्या आधी सई पडली. नियम असा की, पडलेल्याने दर फेरीस फासा टाकायचा. दहा किंवा वर पडले तर जमेचा एक, कमी पडले तर खर्चाचा. तीनदा खर्च झाला की खेळ संपला. सईचे दोन गेले होते. माझ्याजवळ एकच मंत्र उरला होता. तोच मारायला वापरला असता तर समोरचा राक्षस कदाचित मीच लोळवला असता. हात शिवशिवत होते, खोटे कशाला सांगू?

मी सईच्या अंगाला हात लावला. ती उठली आणि तिने राक्षस पाडला. तांबडे फुटले. ओसरीवर एकच जल्लोष झाला, सगळा सईच्या नावाने.

लोडर

आता गप्प होण्याचे कारण. विजयंता रणगाड्यात चौघे असतात : कमांडर, गनर, ड्रायव्हर आणि लोडर. मी लोडर होतो. हलत्या गाडीत अठरा-वीस किलोंचा गोळा उचलायचा, तोफेत भरायचा आणि "लोडेड!" म्हणून ओरडायचे. बाहेर काय चालले आहे ते फारसे दिसतही नाही. नेम गनरचा, नाव गनरचे.

१९७१ च्या युद्धानंतर एका सत्कारात आमच्या गनरचे भरभरून कौतुक झाले. तो सातारा जिल्ह्यातला, माझा जिवलग. माझे नाव कोणी घेतले नाही. दोष त्याचा काडीचाही नव्हता. तरी मी त्याच्या पत्रांना उत्तर देणे बंद केले. चार पत्रे आली, मग तीही थांबली. पन्नास वर्षांहून अधिक काळ मी ती अढी मनात जपली.

त्या रात्री जल्लोष ओसरल्यावर सई माझ्याजवळ येऊन बसली. "आजोबा, तुम्ही उठवलं नसतं तर मी मेले असते," म्हणाली आणि चकली खात आत गेली. तिला ते सांगायला पाच मिनिटे लागली. मला मात्र तो नेम ज्याने धरला त्याला दोन ओळी लिहायला आयुष्य पुरले नाही! गोळा भरणाऱ्यावाचून तोफ मुकी, हे मी सदैव घोकले. पण नेम धरणाऱ्यावाचून गोळा म्हणजे नुसते ओझे, हे कधी मनात आणले नाही.

भाऊबीजेच्या सकाळी जुन्या सोबत्यांकडून नंबर मिळवून मी फोन लावला. नाव सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग एक थकलेला, पण ओळखीचा आवाज आला :

"भरला का रे गोळा?"

"लोडेड!" मी ओरडलो. आतून सारी पोरे धावत बाहेर आली.