पणती कोणतीही चालेल, वाटी मात्र विचारून घ्या

ऑक्टोबरमध्ये देवळाली कॅम्पला एकाच दिवसात दोन ऋतू भेटतात. पहाटे फिरायला निघालेल्यांना अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटते आणि दुपारी त्याच रस्त्यावर सावली शोधावी लागते. पाऊस परतला की आकाश निरभ्र होते, वारा पडतो, पण जमिनीत ओल असते. वर कडक ऊन आणि हवेत दमटपणा, त्यामुळे घाम लवकर वाळत नाही. हीच आपली ऑक्टोबर हीट. रात्री जमिनीची उष्णता अडवायला ढग नसतात, म्हणून पहाटे गारवा. आयुर्वेदानेही शरद हा पित्त खवळण्याचा काळ मानला आहे.

या गावाच्या हवेची कीर्तीही अशीच दुहेरी. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहणारे इंग्रज सैनिक इथल्या छावणीत महिनोन्‌महिने अडकून पडत. कंटाळा आणि ताप यांनी डोके फिरलेल्या माणसासाठी इंग्रजीत ‘डुलॅली’ हा शब्द आला तो देवळालीवरूनच. पुढे याच गावात कोरड्या, स्वच्छ हवेसाठी सॅनिटोरियम उभी राहिली!

दिवाळीच्या तोंडावर इथे आणि नाशिकमध्ये बचत गटांची व कारागिरांची प्रदर्शने भरू लागतात. पणत्या, आकाशकंदील, वारली चित्रे, मातीची भांडी, फराळाचे पदार्थ. संध्याकाळी पाचनंतर जावे, पाण्याची बाटली सोबत असावी. दर दोन पावलांवर थांबत केलेली ही फेरी व्यायामात धरू नये. चालत जाऊन चालत आलात तर गोष्ट वेगळी.

खरी काळजी घ्यायची ती पिशवीतून घरी काय येते याची. मातीच्या भांड्यांना काचेसारखी चकाकी देणाऱ्या लेपात पूर्वापार शिसे वापरले जाते. शिशामुळे लेप कमी तापमानाला वितळतो आणि गुळगुळीत बसतो. पिवळ्या, केशरी, लाल रंगांतही शिशाची संयुगे असू शकतात. भट्टी पुरेशी तापली नसेल तर हे शिसे पक्के बांधले जात नाही. अशा वाटीत लिंबाचे लोणचे, चिंचेची चटणी किंवा दही ठेवले की आंबटपणामुळे ते अन्नात उतरते. चवीवरून कळत नाही, दिसण्यावरूनही नाही.

मोठ्यांच्या तुलनेत लहान मुलांचे शरीर पोटात गेलेले शिसे चार-पाच पट अधिक शोषून घेते आणि त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी माहीत नाही. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी नोव्हेंबर 2017 पासून 90 पीपीएमची मर्यादा आहे. पण सुट्या रंगाच्या पुडीवर असे काही छापलेले नसते. म्हणून रंगवलेली पणती खुशाल घ्यावी, फक्त ती रांगत्या बाळाच्या हाती पडू देऊ नये. साधी, न रंगवलेली लाल मातीची पणती घेतली तर तोही प्रश्न नाही, आणि दिसतेही तीच अधिक देखणी. खाण्याच्या भांड्याबाबत मात्र ‘लेप बिनशिशाचा आहे का?’ हे स्पष्ट विचारावे. विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर ते भांडे शोभेलाच ठेवावे.

नाशिकची खरी ओळख तांब्यापितळेची. तांबटांनी ठोकून घडवलेले पातेले घ्यायचा मोह होणारच. त्यात पाणी ठेवायला हरकत नाही. पण कल्हई नसलेल्या भांड्यात आमटी, ताक किंवा सोलकढी ठेवली तर तांबे उतरते, मळमळ होते, उलट्या होतात. आजी हे ‘कळकले’ म्हणून ओळखत असे आणि पदार्थ टाकून देत असे. कल्हई शुद्ध कथलाची हवी. स्वस्तात करून देताना त्यात शिसे मिसळले जाण्याचा धोका असतो. माळ्यावरची जुनी पातेली काढायची असतील, तर कल्हईला आत्ताच द्यावीत. धनत्रयोदशीच्या आठवड्यात तिथेही रांग असते.