फोटोची जागा

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत सगळे भाऊबंद गावच्या घरी जमले होते. फराळ उरकल्यावर आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. "तू कादंबऱ्या लिहितोस आणि बँकेत पस्तीस वर्षं हिशेब केलेस. तुझ्याशिवाय कोण करणार?" थोरले चुलतभाऊ म्हणाले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादांनी सांगितलं की विषय संपला.

मजकूर सहा महिन्यांत झाला. पिढ्या जुळल्या, तारखा जुळल्या, कोण कुठल्या गावी दत्तक गेलं तेही सापडलं. मजकुरावरून एकही भांडण झालं नाही, कारण कुलवृत्तांतातला मजकूर सहसा कुणी वाचत नाही. फोटो मात्र सगळे बघतात. आपल्या वडिलांचा फोटो केवढा आला, काकांचा केवढा आला, हे पट्टी न लावता डोळ्यांनीच मोजतात. दादांचा फोन पहिला आला. "आमच्या आबांचा फोटो पानभर हवा. घराण्यातले पहिले पदवीधर ते." मग पुण्याचा फोन, मग नागपूरचा. सगळ्यांच्या मागण्या पुऱ्या केल्या असत्या तर तो कुलवृत्तांत न राहता फोटोंचा अल्बम झाला असता.

फोटो केवढा आणि कुठं, हा प्रश्न मला नवा नव्हता. बँकेत खातं उघडायच्या अर्जावर फोटोची चौकट असते. ती दोन बोटं रुंद, मग माणूस गिरणीमालक असो की हमाल. त्या चौकटीपुढं सगळे सारखे, हे मला फार आवडायचं. पण आमच्या एका शाखेनं रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढली, तेव्हा चौकट उलटी वागली. छापखान्यात कुणीतरी साहेबांचा उभा फोटो आडव्या चौकटीत बसवण्यासाठी दोन्ही बाजूंनी ताणला. मूळचे सडपातळ साहेब त्या पानावर हलवायासारखे दिसत होते. त्यांनी ती स्मरणिका घरी नेली नाही. रुंदी आणि उंची ही जोडी आहे, एकीला हात लावला तर दुसरीनं त्याच प्रमाणात हललं पाहिजे, हे मी तेव्हा शिकलो.

कुलवृत्तांताच्या कामात जुनी कागदपत्रं चाळताना १९६८ साली माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, छापलेली घराण्याची छोटी पुस्तिका हाती आली. तीत एकच समूहफोटो होता. खाली ओळ होती आणि दहा नावं. फोटो १९४९ सालचा, आमच्या ओसरीवर काढलेला. मी लहानपणी तो इतक्यांदा पाहिला होता की डोळे मिटूनही माणसं मोजता आली असती.

मग ट्रंकेच्या तळाशी मूळ फोटो सापडला. आठ इंच रुंद, सहा इंच उंच. आणि त्यात अकरा माणसं होती. उजव्या कडेला, दाराच्या चौकटीला टेकून आत्या उभी होती.

फोटो उलटा केला. मागं लाल पेन्सिलीनं दोन उभ्या रेघा आणि अप्पांच्या अक्षरात दोन शब्द: रुंदी चार. डाव्या रेघेबाहेर ओसरीचा खांब जात होता. उजव्या रेघेबाहेर आत्या.

आत्या भावंडांत थोरली. लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आली, ती कायमची. व्हर्नाक्युलर फायनल झाली आणि तालुक्याच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागली. धाकट्या भावांच्या शिक्षणाच्या फिया तिच्या पगारातून गेल्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. १९६८ साली ती पुस्तिका घरी आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आत्यानं ती चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आणि "छान छापलंय हो" म्हणून अप्पांच्या हातात परत दिली. १९८१ साली ती गेली.

अप्पांनी असं का केलं असेल? माझ्यातला बँकवाला आधी हिशेबाकडं वळला. त्या काळी पुस्तक खिळ्यांनी जुळवत आणि फोटोसाठी वेगळा ब्लॉक करावा लागे. बारीक जाळीच्या काचेतून फोटोचे ठिपके करायचे, ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे आणि मधली जागा आम्लानं खायला लावायची. मग तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणायचा. ब्लॉकचे पैसे चौरस इंचावर. म्हणून मला वाटलं, अप्पांनी पैसे वाचवले असतील.

कागदावर आकडे मांडले. आठ बाय सहाचा अख्खा फोटो चार इंच रुंदीत बसवला तर उंची तीन, म्हणजे बारा चौरस इंच. कडा कापून तो सहा बाय सहा केला, की चार इंच रुंदीत उंचीही चार, म्हणजे सोळा. आत्याला काढून अप्पांनी चार चौरस इंच जास्तीचे पैसे मोजले होते!

मग कारण दुसरं असणार. साध्या कागदावर छापायला जाळी जाड लागते, इंचाला पासष्ट ओळींच्या आसपास. बारीक जाळी हवी तर गुळगुळीत आर्ट पेपर लागतो. (जुन्या पुस्तकांत फोटो मजकुराजवळ नसून मध्येच वेगळ्या चकचकीत पानांवर एकत्र का असतात, त्याचं कारण हेच.) मूळ फोटोत चेहरा अर्ध्या इंचाचा. अख्खा फोटो निम्म्यावर आणला की चेहरा पाव इंचाचा, आणि पाव इंचात जेमतेम सोळा ठिपके. सोळा ठिपक्यांत आजोबांच्या मिशा यायच्या कशा? कडा कापल्या की चेहऱ्याला बावीसएक ठिपके मिळतात. मधली माणसं ओळखू यावीत म्हणून कडेचं माणूस गेलं. अप्पा दुष्ट नव्हते. त्यांना ठिपके पुरले नाहीत. पण कापायची वेळ आली तेव्हा कड कुणाची, हे आधीच ठरलेलं होतं.

आता ठिपक्यांना तोटा नाही, असं मला वाटत होतं. पुतण्या संगणकावर पुस्तक लावणार होता. त्याला म्हटलं, "आत्याचा चेहरा कापून काढ आणि पानभर मोठा कर." तो हसला. "काका, तुम्ही बँकेत तारणाशिवाय कर्ज दिलं असतंत का?" मग त्यानं समजावलं. फोटो इंचाला ६०० ठिपक्यांनी स्कॅन केला, तर अर्ध्या इंचाच्या चेहऱ्यात ३०० ठिपके येतात. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे आत्याचा चेहरा स्वच्छ छापून येईल तो एक इंच रुंदीपर्यंत. चार इंच केला तर तेच ठिपके चारपट ताणले जातील आणि चेहऱ्याचं धुकं होईल. फोटोत जेवढं साठलंय तेवढंच काढता येतं. शिल्लक नसेल तर चेक परत.

तेव्हा ठरलं ते असं. आत्याच्या टिपणाशी अख्खा समूहफोटो, मजकुराच्या पूर्ण रुंदीत. आणि तिचा एकटीचा चेहरा, बरोब्बर एक इंच, परिच्छेदाच्या कडेला, मजकूर त्याच्या बाजूनं वळवलेला.

पुतण्या ज्या पद्धतीनं पुस्तक लावतो तिचं नाव लाटेक. डोनाल्ड नुथ या अमेरिकन गणितज्ञाला १९७७ साली आपल्याच पुस्तकाची प्रुफं इतकी कुरूप वाटली, की त्यांनी टेक नावाची अक्षरजुळणीची प्रणाली स्वतःच लिहायला घेतली. पुढं लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर सोपा साज चढवला, तो लाटेक. हिच्यात फोटो हातानं डकवायचा नसतो. रुंदी सांगायची, जागेची पसंती सांगायची: इथं, पानाच्या माथ्यावर, तळाशी किंवा स्वतंत्र पानावर. बाकी ती बघते. फोटो मजकुरात तरंगत असतो आणि जिथं नीट मावेल तिथं जाऊन बसतो.

पहिली प्रत छापून आली. आत्याचं टिपण मी आबांच्या लगेच नंतर घेतलं होतं, थोरली म्हणून. पानावर तिचा मजकूर होता, कडेला एक इंचाचा चेहरा होता. त्याला तरंगू दिलेलं नव्हतं. पण समूहफोटो नाही! अकरा पानं उलटल्यावर, प्रकरणाच्या शेवटी, धाकट्या काकांच्या कोंबड्यांच्या व्यवसायाचं वर्णन संपल्यावर पाच फोटो एकाखाली एक ढिगानं पडले होते. त्यात तोही होता. आत्याच्या टिपणात मी लिहिलं होतं, "खालील छायाचित्रात उजवीकडे." खाली बघितलं तर पानाचा क्रमांक.

पुतण्यानं तासाभरात चूक शोधली. लाटेकचे नियम आमच्या सर्क्युलरांसारखे. पानाच्या माथ्यावरच्या फोटोंनी पानाचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग घ्यायचा नाही, तळाच्यांनी तीस टक्क्यांहून जास्त नाही, आणि मजकुराला निदान वीस टक्के जागा राहिलीच पाहिजे. शिवाय रांग मोडायची नाही. आधीचा फोटो बसल्याशिवाय पुढचा बसणार नाही. दादांच्या आग्रहानं आबांचा फोटो पानाच्या ऐंशी टक्के उंचीचा केला होता, आणि पुतण्यानं सगळ्यांना 'फक्त माथ्यावर' अशी पसंती दिली होती. सत्तरच्या नियमात ऐंशी कसे बसणार? आबा अडले, आणि आबांमागं सगळी रांग अडली. काउंटरवर एखादा बडा खातेदार ठाण मांडून बसला की मागचे पेन्शनर ताटकळतात, तसं.

उपाय दोन होते. आबांना स्वतंत्र पान द्यायचं, किंवा लहान करायचं. दादांना पहिला उपाय आवडला असता. तरी मी फोन केला आणि जे झालं ते सरळ सांगितलं. मूळ फोटोचं सांगितलं, लाल रेघेचंही. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "आबांच्या बी.ए.ची फी कुणी भरली, ते लिहिलंयस का?" म्हटलं, "लिहिलंय." "मग लहान कर."

आबा साठ टक्क्यांवर आले. दुसरी प्रत काढली तर सगळी रांग आपोआप पुढं सरकली आणि समूहफोटो आत्याच्या पानाच्या माथ्यावर येऊन बसला. "खालील छायाचित्रात" हे शब्द मी काढले. आता तिथं "चित्र ७ पाहा" असं आहे. फोटो उद्या पानभर सरकला तरी क्रमांक त्याला शोधून काढतो.

तुमच्याही घरी अशी ट्रंक असेल. एवढंच सांगतो. जुना फोटो मोबाइलनं टिपून न पाठवता ६०० ठिपक्यांनी स्कॅन करा. मोबाइलवरून पाठवायचाच तर फाइल म्हणून पाठवा, नाहीतर वाटेत त्याचे ठिपके गळतात. मागं काही लिहिलं असेल तर तेही स्कॅन करा. आणि कापायचा झाला तर आधी कडेला कोण उभं आहे ते बघा.

कुलवृत्तांत या मार्चमध्ये छापून आला. चित्र ७ मध्ये चेहरे पाव इंचाहून किंचित मोठे आहेत, पण दाराच्या चौकटीवरची आत्याची बोटंसुद्धा दिसतात. फोटोखालच्या ओळीत आता अकरा नावं आहेत.