थेरपी घ्यावी का? आपल्या तरुणांच्या मनातले प्रश्न

वसतिगृहात एकटा पडलेला विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न करणारी मुलगी, अत्याचारग्रस्त कुटुंबासोबत पोलीस ठाणे आणि कोर्टाच्या खेपा घालणारा कार्यकर्ता. तिघांचीही झोप उडालेली असते आणि तिघेही ‘होईल सगळे ठीक’ म्हणत दिवस ढकलतात. समुपदेशन किंवा थेरपीचा विषय निघाला की तेच ते प्रश्न पुढे येतात. त्यांची ही सरळ उत्तरे.

थेरपी म्हणजे वेड्यांचा इलाज ना?

नाही. सततची भीती, उदासी, चिडचिड, झोप न लागणे, जवळचे माणूस गेल्याचे दुःख, अभ्यासात मन न लागणे, यांसाठीही लोक थेरपी घेतात. बाबासाहेब मधुमेहावर अनेक वर्षे उपचार घेत होते. त्यामुळे त्यांना कोणी कमकुवत म्हणत नाही. मनाच्या दुखण्याला वेगळा न्याय का लावायचा?

मी विपश्यना करतो. मग थेरपी कशाला?

ध्यानाचा उपयोग आहेच. पण इगतपुरीसारख्या केंद्रांत होणाऱ्या 10 दिवसांच्या शिबिरांच्या नियमावलीतच विपश्यना ही वैद्यकीय किंवा मानसोपचाराला पर्याय नाही, असे स्पष्ट केलेले आहे. गंभीर मानसिक आजार असल्यास शिबिराआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि अर्जात काही लपवू नये. ‘स्वयंदीप व्हा’ याचा अर्थ कोणाची मदतच घेऊ नका, असा होत नाही. धम्माने कल्याणमित्रालाही मोठे स्थान दिले आहे.

माझ्या त्रासाचे मूळ जातीत आहे. मग उपचार माझ्यावर का?

हा प्रश्न रास्त आहे. वर्गात रँक विचारून जात काढणारे, आडनाव ऐकताच खोली नाकारणारे, ‘कोट्यातून आलास’ म्हणून हिणवणारे जोवर आहेत, तोवर त्यांच्याविरुद्धचा लढा थांबणार नाही. थेरपी हा त्या लढ्याला पर्याय नाही. पण लाठीमारात डोके फुटले तर आपण लाठी चालवणाऱ्याविरुद्ध तक्रारही करतो आणि टाकेही घालून घेतो. अपमानाची जखम दिसत नाही, एवढाच फरक. दोष व्यवस्थेचा असला तरी रात्रीची झोप आपली जाते.

मात्र समोरची व्यक्ती ‘आता कुठे जात राहिली आहे?’ म्हणणारी निघाली तर जखम आणखी चिघळते. म्हणून पहिल्या फोनवरच विचारा: ‘जातीभेदाच्या अनुभवांवर तुम्ही काम केले आहे का?’ उत्तरात टाळाटाळ वाटली तर दुसरीकडे जा. थेरपिस्ट बदलणे हा तुमचा हक्क आहे.

कोणाकडे जायचे?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे डॉक्टर असतात आणि औषधे देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या व थेरपी करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. समुपदेशकांचे शिक्षण आणि अनुभव मात्र नीट विचारून घ्या. काही वेळा थेरपी आणि औषध दोन्ही लागतात. औषध मनाने बंद करू नका.

खर्च कसा परवडणार?

खासगी सत्र अनेकदा हजार रुपयांच्या वर जाते. काही थेरपिस्ट विद्यार्थ्यांसाठी फी कमी करतात; विचारायला संकोच नको. सरकारी सोयही आहे. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात, तसेच ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण तपासणी होते. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर 24 तास, मराठीतूनही बोलता येते.

घरी किंवा कॉलेजात कळेल का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार तुमची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद आहेत. ते कोणते, हे पहिल्याच भेटीत विचारा.

पहिल्या दिवशी काय होते? किती दिवस लागतात?

सत्र साधारण 45 ते 60 मिनिटांचे असते. त्रास कधीपासून आहे, झोप-भूक कशी आहे, घरचे वातावरण कसे आहे, असे प्रश्न येतात. सगळे एकदम सांगायची सक्ती नसते. विचार आणि वर्तनावर काम करणारी सीबीटी ही पद्धत बहुधा 12 ते 20 सत्रांची असते; काहींना जास्त वेळ लागतो. सुरुवातीला जुने विषय निघाल्यामुळे जड वाटू शकते. तीन-चार सत्रांनंतर काय बदलले, याचा आढावा थेरपिस्टसोबतच घ्या.

जीव नकोसा वाटत असेल तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. लगेच 14416 वर फोन करा, विश्वासातल्या माणसाला जवळ बोलवा, जवळचे रुग्णालय गाठा. आणि एखादा सहकारी बैठकीला यायचा बंद झाला, फोन उचलेनासा झाला, तर ‘चळवळीत ढिला पडला’ असा शिक्का मारण्याआधी त्याच्या घरी जाऊन या. तो तयार असेल तर पहिल्या भेटीला त्याच्यासोबत दवाखान्यापर्यंत चला.