ब्लॅक बुकचं वेळापत्रक

एप्रिलमध्ये मुंबई-ठाण्याच्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे डोकावलं, की काउंटरवर काळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्यांची चळत दिसते. वर सोनेरी अक्षरांत प्रोजेक्टचं शीर्षक, चौघांची नावं, गाइडचं नाव आणि वर्ष. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा हा बाइंड केलेला अहवाल म्हणजे ब्लॅक बुक. सोनेरी छपाई एकदा झाली की खोडता येत नाही, म्हणून दुकानदारच दोनदा बजावतो, "स्पेलिंग नीट बघून घ्या, मग बोंबलू नका."

ठाण्याच्या अशाच एका कॉलेजातल्या चौघांच्या ग्रुपने टोमॅटोच्या पानांवरचा रोग फोटोवरून ओळखणारा प्रोजेक्ट घेतला होता. जुलैत वेळ रग्गड वाटत होता. सातव्या सेमिस्टरला विषय, सिनॉप्सिस आणि लिटरेचर सर्व्हे. आठव्याला कोडिंग, टेस्टिंग आणि लिखाण. "लिहायला काय, पंधरा दिवस पुरे," हे चौघांनी एकमताने ठरवून टाकलं. मध्ये गणपती, प्लेसमेंटच्या मुलाखती, सबमिशन, लेखी परीक्षा आणि कॉलेजचा फेस्ट आहे, हे त्या हिशेबात कुठेच नव्हतं.

हा हिशेब जगभर असाच चुकतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांनी पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की काम कधी संपेल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. लागले ५५ हून अधिक. सगळंच बिनसलं तर किती, या प्रश्नालाही विद्यार्थ्यांनी सरासरी ४९ दिवसांच्या आतलंच उत्तर दिलं होतं. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्वतः सांगितलेल्या मुदतीत प्रबंध संपवणारे जेमतेम तीस टक्के निघाले. अंदाज बांधताना माणूस पुढच्या कामाचं चित्र रंगवतो. मागच्या कामाला किती वेळ लागला होता, हे आठवून बघत नाही.

मग दिवस जातात कुठे? एक संध्याकाळ जवळून बघण्यासारखी आहे. लॅबमध्ये चौघं एका लॅपटॉपभोवती बसलेली. तिसऱ्या प्रकरणात नवी आकृती घालायची ठरली आणि आकृती ३.२ ची ३.३ झाली. आकृत्यांचे क्रमांक हाताने टाइप केलेले, त्यामुळे पुढचे सगळे आकडे बदलायचे, मजकुरात जिथे जिथे 'आकृती ३.२ पाहा' म्हटलंय तिथेही, आणि आकृत्यांच्या यादीतही. तेवढ्यात एकीच्या लक्षात आलं, की डावीकडचा दीड इंचाचा समास दोन प्रकरणांत एकच इंच आहे; बाइंडिंगमध्ये अक्षरं खाल्ली जाणार. समास वाढवला, तर तक्ते पुढच्या पानावर घसरले. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे हवेत, ते पहिल्या प्रकरणातही शिरले. रात्री लॅब बंद करायला शिपाईकाका आले, तेव्हा नवा मजकूर म्हणून एक ओळही लिहून झाली नव्हती.

सर्टिफिकेटच्या पानाची आणखी वेगळी गंमत. त्यावर गाइड, विभागप्रमुख आणि प्राचार्य अशा तिघांच्या सह्या लागतात आणि तिघं एकाच दिवशी कॉलेजात सापडणं हा योगच म्हणायचा.

या ग्रुपला सावरलं ते गाइड मॅडमच्या गुरुवारने. दर गुरुवारी अर्धा तास भेट आणि अट एकच, किमान एक पान लिहिलेलं हवं. कोड चालो न चालो. त्यामुळे लिखाण एप्रिलची वाट बघत बसलं नाही. रिसर्च पेपर वाचला त्याच दिवशी पाच ओळी व्हायच्या: यांनी काय केलं, कुठल्या डेटावर, काय राहिलं. प्रस्तावित पद्धतीचं प्रकरण ऑक्टोबरातच उभं राहिलं, कारण अमुक मार्ग का निवडला हे तेव्हा ताजं होतं. प्रस्तावना आणि सारांश सगळ्यात शेवटी.

'मूड आला की लिहू' यावर मॅडमचा विश्वास नव्हता. "कधी, कुठे बसणार आणि काय लिहिणार, एवढं सांगा," त्या म्हणायच्या. जर्मन मानसशास्त्रज्ञ पेटर गोलविट्झर यांचे प्रयोगही हेच सांगतात: काम नेमकं कधी आणि कुठे करायचं हे आधी ठरवणाऱ्यांच्या हातून ते पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. ग्रुपमधल्या एकाने फ्रान्चेस्को चिरिल्लोची पंचवीस मिनिटांची पोमोडोरो पद्धत आणली. लिहिताना ती छान चालली. कोडमधली चूक शोधताना मात्र नेमका धागा हाती लागायचा आणि घंटा वाजायची, म्हणून तिथे ती सोडून दिली.

फेब्रुवारीत खरी कसोटी लागली. प्लांटव्हिलेज या खुल्या संग्रहातल्या फोटोंवर मॉडेल झकास चालत होतं. एकीच्या मामांच्या नारायणगावच्या शेतात काढलेल्या फोटोंवर ते साफ आपटलं. विषयच बदलू, इथपर्यंत बोलणं गेलं. दोन गुरुवार कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या गुरुवारी मॅडमनी २०१६ चा मोहंती, ह्यूज आणि सलाते यांचा पेपर पुढे ठेवला. त्या संग्रहावर ९९ टक्क्यांवर गेलेली त्यांची अचूकता वेगळ्या परिस्थितीतल्या फोटोंवर ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली होती. संग्रहातली पानं खुडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेली. शेतात मागे माती, सावल्या, एकमेकांवर आलेली पानं. "मग हेच लिहा ना," मॅडम म्हणाल्या, "कुठला फोटो चुकला आणि का चुकला."

त्या रात्रीपासून काम पुन्हा सुरू झालं. चुकलेल्या फोटोंचा तक्ता बनला: फोटो, खरा रोग, मॉडेलने सांगितलेला रोग, संभाव्य कारण. या तक्त्यासाठी कोणाच्या मागे लागावं लागलं नाही. मामांनाही रोज नवे फोटो पाठवायची हुक्की आली.

मे महिन्यातल्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ब्लॅक बुकची पहिली तीन प्रकरणं भराभर उलटली आणि या तक्त्यापाशी ते थांबले. "दव पडलेल्या पानांचं काय केलंत?" त्यांनी विचारलं. चौघंही एकदम बोलायला लागली.