‘व्हेंटिलेटरवर ठेवलंय’ म्हणजे सगळं संपलं का? मशीन श्वास देतं, मग सिस्टर रात्रभर काय करतात?

‘पेशंटला व्हेंटिलेटरवर घेतलंय.’ अतिदक्षता विभागाच्या दारात हे वाक्य ऐकलं की बाहेर बसलेल्या नातेवाइकांचा धीर सुटतो. गावाकडे फोन जातात. कुणीतरी म्हणतं, ‘आता मशीनवर हाय, म्हणजे राहिलं काय?’ कुणी थेट गाडी ठरवायला निघतं.

ही समजूत नेहमीच खरी नसते, आणि बीड जिल्ह्यात तर एका प्रकारच्या रुग्णाबाबत ती सपशेल चुकीची ठरते. तो म्हणजे मण्यार चावलेला रुग्ण.

पावसाळ्यात मण्यार घरात शिरते. ती रात्री फिरते आणि खाली जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही, कारण दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते. घरच्यांना वाटतं, रात्रीचं खाणं बाधलं असेल. मग पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणं बोबडं होतं, थुंकी गिळता येत नाही. शेवटी छातीचे आणि श्वासपटलाचे स्नायू थकतात आणि श्वास उथळ होत जातो.

यात फुप्फुसांना काहीही झालेलं नसतं, मेंदूलाही नाही. मण्यारीचं विष नसा आणि स्नायू जिथे जोडलेले असतात तिथे काम करतं. मेंदू ‘श्वास घे’ असा हुकूम सोडतो, पण तो स्नायूपर्यंत पोहोचत नाही. सर्पविषावरची लस म्हणजे एएसव्ही द्यायलाच हवी, तीही जितकी लवकर तितकी बरी. पण एकदा नसांची टोकं दुखावली की लस ती जोडून देत नाही. ती टोकं शरीरच पुन्हा तयार करतं आणि त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तेवढे दिवस कुणीतरी त्या माणसासाठी श्वास घ्यायचा असतो. व्हेंटिलेटरचं काम इतकंच. हे दिवस नीट निभावले, तर असा रुग्ण चालत घरी जाऊ शकतो.

पण ‘नीट निभावले’ या दोन शब्दांत जे काही येतं, ते मशीन करत नाही.

तो सगळं ऐकत असतो

मण्यारीच्या विषाने पूर्ण लुळा पडलेला माणूस बघितला तर काळजात धस्स होतं. डोळे मिटलेले, हात उचलला तर धपकन खाली पडतो, चिमटा काढला तरी हालचाल नाही. कधीकधी डोळ्यांच्या बाहुल्याही मोठ्या होतात आणि टॉर्चच्या उजेडाला दाद देत नाहीत. मेंदू मृत झाल्याची जी लक्षणं लोकांना ऐकून माहीत असतात, तीच ही. आणि तरीही, झोपेचं औषध दिलेलं नसेल तर आत तो माणूस पूर्ण जागा असू शकतो. त्याला ऐकू येतं, सुई टोचल्याचं दुखतं, तहान लागते. फक्त सांगता येत नाही.

म्हणून अनुभवी सिस्टर अशा रुग्णाला हात लावण्याआधी नावाने हाक मारतात. ‘दादा, आता कुशीवर वळवतेय.’ ‘काकू, घशातला कफ काढतेय, थोडा ठसका लागंल.’ आज वार कोणता, दिवस आहे की रात्र, बाहेर कोण थांबलंय, हेही सांगतात. खाटेपाशी उभं राहून ‘हा काही वाचत नाही’ असं बोलू नये हा नियम त्यामुळेच आहे. तो डॉक्टर, कर्मचारी आणि नातेवाईक, सगळ्यांनाच लागू आहे.

डोळ्यांचंही तसंच. आपण मिनिटाला कितीतरी वेळा पापणी मिटतो आणि डोळा ओला राहतो. लुळ्या रुग्णाची पापणी अर्धवट उघडी राहिली तर बुबुळ कोरडं पडून त्यावर जखम होते. श्वास परत आला आणि दृष्टी अधू झाली, असं होऊ नये म्हणून डोळे स्वच्छ पुसणं, मलम घालणं, पापण्या हलक्या हाताने मिटवून ठेवणं हे दिवसातून अनेकदा करावं लागतं. व्हेंटिलेटरवर याचं कुठलंही बटण नाही.

नळी, फुगा आणि कफ

तोंडातून श्वासनलिकेत घातलेली नळी म्हणजे ईटी ट्यूब. प्रौढ माणसात ती साधारण २१ ते २३ सेंटीमीटरवर दातांपाशी बसवतात. तो आकडा लिहून ठेवायचा आणि प्रत्येक पाळीत पुन्हा बघायचा. नळी दोन-तीन सेंटीमीटर आत सरकली तर ती बहुधा उजव्या फुप्फुसात जाते आणि डाव्याला हवाच मिळत नाही. बाहेर सरकली तर निघूनच येऊ शकते.

नळीच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. तो फुगवला की हवा बाजूने निसटत नाही. त्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटीमीटर उंचीइतका ठेवतात. कमी पडला तर तोंडातली लाळ फुप्फुसात झिरपते, जास्त झाला तर श्वासनलिकेच्या आतल्या आवरणाचा रक्तपुरवठा तुटतो. बोटाने दाबून ‘बरोबर वाटतंय’ म्हणण्यात अर्थ नाही, त्यासाठी मापक लागतो.

व्हेंटिलेटरवरच्या माणसाचा मोठा शत्रू म्हणजे न्यूमोनिया. मशीन सुरू होऊन ४८ तास उलटल्यावर झालेल्या न्यूमोनियाला व्हेंटिलेटरमुळे झालेला धरतात. तो टाळायचे उपाय ऐकायला फारच साधे वाटतात: खाटेचं डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवणं, हात धुणं, दात ब्रशने घासणं. दात घासणं हे तर अनेकांना चैनीचं काम वाटतं. पण तोंडातले जंतूच लाळेबरोबर खाली उतरतात, त्यामुळे महागड्या अँटिबायोटिकची वेळ येऊ नये म्हणून ब्रश आधी लागतो. मशीनच्या नळ्यांत साचलेलं पाणी रुग्णाकडे वाहू न देणं हेही याच कामात येतं.

कफ काढायचा तो घड्याळ बघून नाही, गरज बघून. छातीत घुरघुर ऐकू येते, नळीत कफ दिसतो, ऑक्सिजनचा आकडा उतरतो, तेव्हा सक्शन करायचं. आधी जादा ऑक्सिजन द्यायचा, नळी आत घालून बाहेर काढेपर्यंत १५ सेकंदांच्या वर जायचं नाही. तेवढा वेळ रुग्णाचा श्वास अडलेला असतो. स्वतःचा श्वास रोखून बघितला की १५ सेकंद किती लांब असतात ते कळतं.

या जोडीला दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचा आणि माकडहाड बघणं, नाकातल्या रायल्स ट्यूबमधून अन्न देण्याआधी ती जठरातच आहे याची खात्री करणं, लघवीचं माप, हातापायांचे सांधे हलवणं. हे सगळं चोवीस तास.

कीटकनाशकाचा रुग्ण वेगळा असतो

मराठवाड्याच्या अतिदक्षता विभागांत व्हेंटिलेटर लागणारा दुसरा ओळखीचा रुग्ण म्हणजे कीटकनाशक पोटात गेलेला. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या औषधांनी शरीरातले स्राव सुटतात. तोंडाला फेस, फुप्फुसांत पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. उपाय अॅट्रोपिनचा, आणि तो सिस्टरांच्या नजरेवर चालतो. छाती कोरडी झाली का, नाडी किती, बाहुली किती, हे पुन्हा पुन्हा बघून डॉक्टरांना सांगायचं. डोस कमी पडला तर छाती भरते. जास्त झाला तर ताप येतो आणि रुग्ण बडबडतो, नळ्या ओढायला लागतो. शिवाय रुग्णाचे कपडे काढून अंग साबणाने धुतल्याशिवाय विष कातडीतून आत जातच राहतं. ते काम हातमोजे घालूनच करायचं.

या रुग्णांत एक फसवा टप्पा येतो. विष घेतल्यानंतर साधारण एक ते चार दिवसांत, माणूस शुद्धीवर आलाय, बोलतोय, घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडलाय, आणि अशा वेळी स्नायू अचानक दगा देतात आणि श्वास बंद पडू शकतो. याची चाहूल मानेतून लागते. म्हणून सिस्टर अशा रुग्णाला सारख्या म्हणतात, ‘उशीवरून डोकं उचलून दाखवा.’ डोकं उचलता आलं नाही की डॉक्टरांना हाक जाते आणि नळीची तयारी सुरू होते. ‘काल बरा होता, दवाखान्यात येऊन बिघडला’ ही तक्रार अनेकदा याच टप्प्याची असते.

पोलीस केसच्या भीतीने नातेवाईक औषधाचं नाव लपवतात. त्यात तास वाया जातात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही. तेव्हा औषधाचा डबा किंवा निदान त्याचा फोटो बरोबर आणावा. असे विचार कुणाच्या मनात येत असतील तर टेली मानस १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

मशीन ओरडलं तर आधी कुणाकडे बघायचं?

रुग्णाकडे. छाती हलतेय का, ओठ निळे पडलेत का, नळी जागेवर आहे का. जास्त दाबाचा अलार्म म्हणजे कुठेतरी अडथळा: नळी दुमडली, कफ अडकला, रुग्णाने नळी चावली किंवा छातीत हवा साचून फुप्फुस दबलं. कमी दाबाचा अलार्म म्हणजे कुठेतरी जोड सुटला. कारण पटकन सापडलं नाही तर मशीन काढून हाताने श्वास द्यायचा. त्यासाठी अॅम्ब्यू बॅग प्रत्येक खाटेपाशी हवी. कपाटात कुलूपबंद असेल तर ती नसल्यात जमा.

हाताने श्वास देणं हा काही गरिबीतला जुगाड नाही. आधुनिक अतिदक्षता विभागाची सुरुवातच तिथून झाली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. श्वास बंद पडलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण पहिल्या तीन आठवड्यांतच गेले. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी घशाला छिद्र पाडून नळी घातली आणि रबरी पिशवी दाबून हवा द्यायला लावली. पुरेशी यंत्रं नव्हती, म्हणून सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. मृत्यूंचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं.

आपल्याकडे उलटं झालं. कोरोनात चर्चा झाली ती यंत्रांची. पीएम केअर्समधून ५० हजार व्हेंटिलेटरची घोषणा झाली. मराठवाड्यात आलेल्या यंत्रांच्या दर्जावरून २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात सुनावण्याही झाल्या. त्या यंत्राशेजारी उभं कोण राहणार, याची चर्चा त्या मानाने फार कमी झाली. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका रुग्णामागे एक परिचारिका असा आहे. एका सिस्टरकडे तीन-चार खाटा आल्या की यातलं काय सुटतं? आधी दात घासणं, मग कूस बदलणं, मग बोलणं.

नातेवाइकांनी काय करावं?

साप चावल्याचा संशय जरी आला तरी मांत्रिक किंवा देवळाकडे वळू नये. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांचं ‘स्वाराती’, ही जिल्ह्यातली मोठी सरकारी ठिकाणं. या दोहोंत जवळपास ९० किलोमीटरचं अंतर आहे आणि आष्टीकडचे लोक तर नगर गाठतात. रस्त्यात श्वास थांबू शकतो, म्हणून १०८ ला फोन करून ‘पापण्या मिटतायत, गिळता येत नाही’ हे स्पष्ट सांगावं. गाडीत रुग्णाला कुशीवर झोपवावं, म्हणजे लाळ घशात जात नाही. पाणी, दूध, तूप काहीही पाजू नये.

आत भेटायला सोडलं तर हात धुऊन जावं आणि रुग्णाशी बोलावं, घरच्या गोष्टी सांगाव्यात. नळ्यांना हात लावू नये. हात सैल बांधलेले दिसले तर चिडण्याआधी कारण विचारावं, कारण अर्धवट शुद्धीत स्वतःच नळी उपसण्याचा धोका असतो. आणि ‘मशीन किती दिवस?’ याऐवजी ‘आज स्वतः श्वास घेतोय का, ते तपासलं का?’ असं विचारलं तर उत्तर जास्त उपयोगाचं मिळतं.

रुग्ण सुधारत असेल तर ही तपासणी रोज होते. झोपेचं औषध थांबवतात, मशीनचा आधार कमी करतात आणि अर्धा ते दोन तास बघतात. मण्यारीच्या रुग्णात आधी पापणी किंचित हलते, मग बोटं, मग मान. खोकला जोरात येऊ लागला, उशीवरून डोकं उचलून काही सेकंद धरता आलं की नळी काढायचा विचार होतो.

नळी निघाल्यावर आवाज घोगरा येतो आणि पहिली मागणी पाण्याची असते. बाहेरून कुणीतरी लगेच बाटली पुढे करतं. सिस्टर ती बाजूला ठेवतात. गिळणं परत आलंय का ते आधी चमच्याने, बसवून, थेंबाथेंबाने बघायचं असतं.